एकशेतीसवर नव्वद

कानबिरा बेटावर अकरा वर्षं एकाही गरोदर बाईचा रक्तदाब वाढला नव्हता. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण ते आकडे संगणकात भरण्याचं काम माझं होतं.

मी मुख्य गावातल्या आरोग्य कचेरीत कारकून. महिनाअखेरीला बोटीने बेटांवर जायचं, सरकारी सुईणींच्या नोंदवह्या गोळा करायच्या, रकाने भरून प्रांताच्या कचेरीकडे पाठवायचे. सोळा गावं, सोळा वह्या. कानबिराची वही सगळ्यांत नेटकी. अक्षर गोल, शाई निळी, खाडाखोड नाही. बाईचं नाव, वय, कितवा महिना, आणि मग रक्तदाबाच्या रकान्यात एकशेदहावर सत्तर, एकशेवीसवर ऐंशी, एकशेतीसवर नव्वद. एकशेतीसवर नव्वद जरा जास्तच वेळा. त्याच्या वर कुणी जात नसे. भरतीचं पाणी एखाद्या दगडाशी येऊन रोज तिथेच थांबावं, तसं.

मी कधी विचारलं नाही. शून्य भरायला कष्ट पडत नाहीत.

ती वही एउफ्रोसिना गाबुयोची. बेटावर तिला सगळे माना प्रोसिंग म्हणत. माना म्हणजे थोरली बहीण. बावन्न वर्षांची, ठेंगणी. पिशवीच्या वजनाने उजवा खांदा कायमचा खाली आलेला. जन्म त्याच बेटावरचा. नवरा मनिलाला इमारतींवर राखणदारी करायला गेला आणि तिथेच कुणाचा तरी झाला. त्याचा विषय निघाला की ती म्हणे, "गेला ते बरं झालं. घोरायचा फार." स्वतःला मूल नाही, पण बेटावरची वीस वर्षांच्या आतली बहुतेक पोरं पहिल्यांदा रडली ती तिच्या हातात. रविवारी चर्चमधून आली की ती पत्ते खेळायला बसे. पत्त्यांत तिने कधी लबाडी केल्याचं कुणी सांगणार नाही. उलट दुसऱ्याने केली तर पत्ते फेकून उठून जाई.

एकदा समुद्र खवळला म्हणून मला बोट सुटेपर्यंत तिच्या केंद्रातच बसावं लागलं. एक पोरगेली बाई आली, सातवा महिना. प्रोसिंगने दंडाला पट्टा बांधला, कानाला नळ्या लावल्या, फुगा दाबला, सोडला. पुन्हा दाबला. मग पट्टा काढून म्हणाली,

"एकशेतीस."

"म्हणजे बरं ना, माना?"

"बरंच की. पण आजपासून सुकी मासळी बंद. आणि डाव्या कुशीवर झोपायचं. परवा मी घरी येते."

"घरी? एकशेतीसला कोणी घरी येतं का?"

"तुझ्यासाठी कोण येतंय? तुझ्या सासूच्या हातचं सुमान खायला येते."

बाई हसत गेली. प्रोसिंगने वहीत एकशेतीसवर नव्वद लिहिलं आणि आकड्याखाली पेन दोनदा टेकवलं. दोन ठिपके. मला वाटलं, पेन गळतंय.

केंद्राच्या भिंतीवर उपचाराचा तक्ता होता. राजधानीतून आलेला, जाड चकचकीत कागदाचा. तक्त्यात खोट नव्हती. जाणत्या माणसांनी विचार करून लिहिला होता. गरोदर बाईचा रक्तदाब एकशेचाळीसवर नव्वद किंवा त्याहून जास्त आला, तर तिला त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात पाठवा. एकशेसाठच्या वर गेला किंवा झटके आले, तर पाठवण्याआधी मॅग्नेशियमचं इंजेक्शन द्या, पहिला डोस सुईणीने द्यायला हरकत नाही. यापेक्षा शहाणपणाचं काय लिहिणार?

पण त्या तक्त्याच्या पाठोपाठ प्रांताच्या कचेरीतून दुसरा कागद आला. तो भिंतीवर लावायचा नव्हता. पाठवलेली बाई इस्पितळात पोचली नाही, तर तिच्या नकाराच्या कागदावर अंगठा घ्यायचा. तिमाहीत तीन अंगठे झाले की केंद्राचं खातं लाल. दोन तिमाही लाल, की बाळंतपणाचा परवाना जाणार आणि सुईणीची नेमणूक पुन्हा होणार नाही. बायकांना इस्पितळात जायला लावणं हे सुईणीचं कौशल्य आहे, असं त्या कागदात म्हटलं होतं.

कानबिराहून इस्पितळ बोटीने चार तास. ईशान्येचा वारा सुरू झाला की आठवडा आठवडा बोट सुटत नाही. सोबत माणूस लागतो, तिथे तो व्हरांड्यात झोपतो. घरी दोन पोरं, डुक्कर, म्हातारी सासू. डोकं दुखत नाही, पोट दुखत नाही, नुसता एक आकडा वाढलाय म्हणून कोण जाईल? बायका जात नसत. पहिल्या तिमाहीतच सोळापैकी अकरा केंद्रं लाल झाली. दुसऱ्या तिमाहीत एकही झालं नाही.

ठिपके कोणी सुरू केले, हे अजून कोणी सांगत नाही. एक ठिपका एकशेचाळीस, दोन दीडशे, तीन म्हणजे एकशेसाठ आणि वर. सोळाही वह्यांत होते. ठिपक्यांच्या बायकांची सुईणी आपापल्या परीने काळजी घेत. घरी जात, झोपवत, मीठ तोडत, आणि समुद्र शांत असेल तेव्हा काहीतरी निमित्त काढून मोठ्या गावात पाठवत. तक्त्यात सांगितलं होतं त्यातलं जमेल तेवढं करत, फक्त लिहीत नसत. प्रोसिंग यात सगळ्यांहून पक्की होती. तीन ठिपक्यांची बाई असली की ती दिवसातून दोनदा डोंगर चढून जायची.

आणि मी शून्य भरत होतो. एका वर्षाचं शून्य, दोन वर्षांचं, तीन वर्षांचं. प्रांताच्या औषधभांडारात कोणीतरी माझा तक्ता पाहिला आणि रीतसर निष्कर्ष काढला. जिथे रक्तदाबच वाढत नाही, तिथे मॅग्नेशियमच्या कुप्या पाठवून नासवायच्या कशाला? तीनच वर्षांनी कानबिराच्या पेटीतल्या कुप्यांची मुदत संपली. त्या परत मागवल्या गेल्या. पोच मीच आणली. नवीन आल्या नाहीत. प्रोसिंगने दोनदा अर्ज केला. दोन्ही अर्जांवर एकच शेरा होता: "वापराची नोंद नाही."

पुढची आठ वर्षं असंच निभावलं. माणसं निभावलं म्हणतात तेव्हा त्यात नशिबाचा वाटा किती हे मोजत नाहीत.

रिझलिन बावीस वर्षांची, पहिलटकरीण. नानाय बेदायची थोरली मुलगी. नानाय म्हणजे आई. नानाय बेदाय विधवा. किनाऱ्यावर मासळी सुकवून दोन मुली वाढवलेली बाई. फेब्रुवारीत रिझलिनला आठवा महिना लागला आणि तिच्या आकड्याखाली तीन ठिपके आले. बंदरावर वादळाचा लाल बावटा होता. प्रोसिंग रोज तिच्याकडे जात होती. बावटा उतरला की पहिल्या बोटीने हिला घेऊन जायचं, असं तिने ठरवलं होतं. मायलेकींना मात्र तिने एवढंच सांगितलं होतं, "एकदा मोठ्या डॉक्टरला दाखवून येऊ. मलाही गावात काम आहे."

बुधवारी सकाळी रिझलिन चुलीपाशी बसली होती. आईला म्हणाली, "डोळ्यांपुढे काजवे चमकतायत गं." आणि तिथेच आडवी झाली. हातपाय ताठ, दात आवळलेले, तोंडाला फेस. प्रोसिंग धावत पोचली. पेटी तिच्या हातात होती. पेटीत रक्तस्रावाचं इंजेक्शन होतं, सलाइन होतं, टाके घालायचा दोरा होता. जे हवं होतं त्याची जागा रिकामी होती.

चार कोळ्यांनी बावटा न जुमानता दुपारी बोट काढली. वाटेत रिझलिनला तीन झटके आले. इस्पितळाच्या धक्क्यावर तिला उतरवलं तेव्हा ती संपली होती. पोटातलं मूलही गेलं होतं. नानाय बेदायने धक्क्यावरच मुलीचे केस बोटांनी विंचरून बांधले. समुद्राच्या पाण्याने ते ओले आणि गुंतलेले होते. बराच वेळ लागला.

गरोदर किंवा बाळंत बाई गेली की महिन्याच्या आत चौकशीची बैठक भरते. नगरसभेच्या वरच्या मजल्यावर, एका पंख्याखाली. सोळा सुईणी, डॉक्टर मर्काडेर, आणि टिपण लिहायला मी. समोर पाव आणि सरबत ठेवलेलं. डॉक्टर मर्काडेर आमच्या कचेरीचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. चाळीस हजार वस्तीला तो एकटाच डॉक्टर. त्याने रिझलिनचं कार्ड वाचलं.

"चौथा महिना, एकशेवीस-ऐंशी. सहावा, एकशेतीस-नव्वद. सातवा, एकशेतीस-नव्वद. आठवा, एकशेतीस-नव्वद. भेटी वेळेवर, गोळ्या दिलेल्या, सगळं तक्त्याप्रमाणे." त्याने चष्मा काढला. "अचानक झटका. आधी लक्षण नाही. टाळता येण्यासारखा नव्हता. डेल्मो, तसं लिही. कुणाला काही म्हणायचंय?"

खुर्च्या सरकल्या. दोघीतिघींनी पाव उचलले.

"ते ठिपके बघा, डॉक," प्रोसिंग म्हणाली.

"कसले ठिपके?"

"आकड्याच्या खाली."

डॉक्टरने कार्ड उजेडात धरलं. तिच्या शेजारी बसलेली माना क्लारिता दबक्या आवाजात म्हणाली, "प्रोसिंग, गप बस. तुझ्या पाया पडते."

"तीन ठिपके म्हणजे एकशेसाठच्या वर. शेवटचा एकशेसत्तरवर एकशेदहा होता. मीच मोजला, आणि एकशेतीस लिहिला. अकरा वर्षं असंच लिहिते."

डॉक्टर बाकीच्या पंधराजणींकडे एकेक करून बघत गेला. एकीनेही मान वर केली नाही. त्याला जे कळायचं ते कळलं.

"तुला समजतंय तू काय बोलतेयस ते?"

"समजतंय."

"तुझा परवाना जाऊ शकतो. बाकीच्यांचाही."

"बाकीच्यांचं मला माहीत नाही," ती म्हणाली. हे एवढंच खोटं ती त्या दिवशी बोलली. "मला कुप्या हव्यात, डॉक. त्या दिवशी पेटीत कुप्या असत्या तर ती पोचली असती. रिझलिनची धाकटी बहीण जेस्सा पाच महिन्यांची पोटुशी आहे. तिचेही आत्तापासून दीडशे आहेत. माझ्या पेटीत औषध द्या, मग काय करायचं ते करा माझं."

डॉक्टरने कपाळ चोळलं. "ठिपक्यांवर औषध मिळत नाही, प्रोसिंग. वाटप नोंदीवर होतं. जुन्या नोंदी बदलता येत नाहीत. आता खरे आकडे लिहायला लाग. वर्षाचा हिशेब वर जाईल, पुढच्या वर्षी कुप्या मंजूर होतील."

"जेस्साचे दिवस जूनमध्ये भरतात. तिला पुढच्या वर्षापर्यंत कळ काढ म्हणून सांगू?"

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. डॉक्टर उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. खाली जाऊन आमच्याच भांडारातून त्याने एका बाईला पुरेल एवढं औषध काढलं आणि स्वतःच्या सहीवर ते उसनं म्हणून कानबिराच्या पेटीत लिहायला लावलं. एकच अट घातली. उद्यापासून वहीत खरा आकडा. ठिपका दिसला तर घरी बस.

टिपणात काय लिहू, असं मी विचारलं. तो म्हणाला, "मघाशी सांगितलं तेच."

म्हणजे 'टाळता येण्यासारखा नव्हता' हे तसंच राहिलं. प्रोसिंगला एका ओळीची ताकीद मिळाली. कानबिराला जायला दुसरी कोणी तयार नव्हती, म्हणून नोकरी टिकली. जिना उतरताना पंधरा सुईणी तिच्या पुढे गेल्या. मागे एकही थांबली नाही. माना क्लारिता तेवढी वळून म्हणाली, "आता लिही खरं. बघू किती जणी राहतात तुझ्याकडे."

मार्चची वही घ्यायला गेलो तेव्हा तीत पहिल्यांदा एकशेचाळीस पाहिलं, दीडशे पाहिलं. एकोणीस बायकांत सहाजणी. सहाहीजणींना इस्पितळात जायला सांगितलं होतं. एक गेली. पाचांचे अंगठे. केंद्र लाल. एप्रिलच्या वहीत एकोणीसच्या बारा बायका झाल्या, मेमध्ये सात. बाकीच्या डोंगरापलीकडच्या म्हाताऱ्या दाईकडे जाऊ लागल्या. घरी बाळंत होणाऱ्यांना नगरसभेचा दंड आहे, पण दाई पोट चोळते, बोलते, आणि आकडा सांगत नाही. मी प्रोसिंगला म्हटलं, "बायका कमी झाल्या, माना." ती म्हणाली, "मोजल्या मी. तू नुसतं भर."

जेस्सा एप्रिलपासून आली नव्हती. मेच्या अखेरीला प्रोसिंग तिच्याकडे निघाली. वही हवी होती म्हणून मी सोबत गेलो.

नानाय बेदाय अंगणात मासळी उलटत होती. जेस्सा दारात पाय पसरून बसलेली. पावलं सुजून चकचकीत झाली होती. प्रोसिंगने पट्टा बांधला. नानाय बेदाय हातातली मासळी तशीच धरून उभी राहिली.

"किती?"

"एकशेसाठ. नानाय, हिला आजच्या बोटीने न्यायला हवं. मी येते बरोबर. डेल्मोही आहे."

"मी बोटीत बसणार नाही," जेस्सा म्हणाली. "ताई बोटीतच गेली."

"ताई बोटीमुळे नाही गेली, पोरी."

"मग कशामुळे?" म्हातारीने विचारलं. "तूच सांगायचीस, एकशेतीस, एकशेतीस, बरं आहे. एकशेतीसवाली माझी पोर मेली. आणि आता हिला एकशेसाठ म्हणतेस? हिच्यावर काय राग आहे तुझा? का वरून आलंय तुम्हाला, बायका गोळा करून आणा म्हणून?"

मी प्रोसिंगकडे पाहिलं. बोलायची वेळ होती ती. पंधरा जणींसमोर, डॉक्टरसमोर बोललेली बाई. एकच वाक्य हवं होतं: रिझलिनचेही एकशेसत्तर होते, मी तुम्हाला खोटं सांगितलं. पट्टा तिने गुंडाळला, पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला.

"यंत्र बदललंय," ती म्हणाली. "आता नीट दाखवतं."

"मग जुन्याच यंत्राने बघ," नानाय बेदाय म्हणाली. "पूर्वी बरी होतीस तू."

परत येताना ती वाटेत एका नारळाच्या बुंध्यावर बसली. मी उभाच राहिलो. समुद्र खाली सपाट पडला होता, बोटीला अगदी योग्य. "कचेरीत बोललीस, मग इथे का नाही?" मी विचारलं.

"कचेरीत नुसता परवाना जाणार होता," ती म्हणाली. उठली आणि चालू लागली.

पुढचे सगळे दिवस ती तिथे जात राहिली. मायलेकी दार उघडत, पाणी देत, पण पट्ट्यासाठी दंड पुढे करत नसत.

जूनच्या अखेरीला मी पुन्हा वहीसाठी आलो होतो. सकाळचे दहा वाजले असतील. चार माणसं झोळी खांद्यावर घेऊन उतरणीवरून येताना दिसली. मागून दाई, तिच्या मागून अनवाणी नानाय बेदाय. झोळीत जेस्सा. रात्रीपासून कळा, सकाळी झटका. वाटेत दुसरा. खाटेवर ठेवता ठेवता तिसरा सुरू झाला. मी आजवर झटका हा शब्द रकान्याच्या डोक्यावर वाचला होता. माणसाचं शरीर स्वतःलाच असं आपटतं, हे मला ठाऊक नव्हतं.

प्रोसिंगने पेटी उघडली. कुप्या होत्या.

तिने औषध दिलं, शिरेतून हळूहळू, घड्याळाकडे बघत. मग दोन्ही कुल्ल्यांत खोल. "पाय धर, डेल्मो. बघत काय बसलास, कारकुना, धर!" मी पाय धरले. तिने पट्टा बांधला आणि आकडा मोठ्याने म्हटला, एकशेऐंशीवर एकशेवीस, आणि माझ्याकडे कागद नव्हता म्हणून मी तो भिंतीवर पेन्सिलीने लिहिला. झटका ओसरला. चौथा आला नाही. जेस्सा घोरल्यासारखा श्वास घेत पडली, पण श्वास घेत होती.

मग तिने पोटावर नळी ठेवून ऐकलं. जागा बदलून ऐकलं. पुन्हा बदलून ऐकलं. नळी काढून बाजूला ठेवली. तासाभराने मूल आलं. मुलगा. रंग जांभळा. तिने त्याला पुसलं, तोंडाने श्वास भरून पाहिला, जितका वेळ पाहायचा तितका पाहिला. दाईने त्याला कापडात गुंडाळलं.

नानाय बेदाय खाटेच्या उशाशी बसली होती. नातवाकडे तिने एकदाच पाहिलं. मग फोडलेल्या कुप्यांकडे पाहत राहिली.

"या औषधाने थांबलं ना हिचं?"

"हो."

"रिझलिनच्या वेळी हे कुठे होतं?"

"नव्हतं इथे."

"का नव्हतं?"

मला वाटलं ती पुन्हा यंत्राचं काहीतरी सांगेल. पण तिने हात धुतले, ओले हात परकराला पुसले, आणि म्हातारीसमोर जमिनीवर बसली. सगळं सांगितलं. आकडे खरे काय होते ते, महिन्यागणिक. ठिपके. लाल खातं. कुप्या का गेल्या. कोणाचंही नाव घेतलं नाही. प्रांताच्या कागदाचाही आधार घेतला नाही, खरं तर घेता आला असता. "मी लिहिलं," असं प्रत्येक वेळी म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मीही, शून्य मी भरत होतो, असं म्हणालो नाही.

नानाय बेदाय शेवटी म्हणाली, "महिन्यापूर्वी माझ्या दारात उभी होतीस. तेव्हा बोलली असतीस तर मी हिला फरफटत बोटीत घातलं असतं."

"हो."

"मग?"

"भीती वाटली."

"कोणाची?"

"तुमची."

म्हातारी हसली. ते हसू मला अजून कळलेलं नाही. कोणी कधी तिला भ्यालं नसावं.

दुपारी बोट लागली. दर चार तासांनी पुढचं इंजेक्शन द्यायचं होतं, लघवी मोजायची होती, श्वास मोजायचे होते. जेस्साला फळीवरून बोटीत उतरवलं. नानाय बेदाय तिच्या उशाशी बसली, डोकं मांडीवर घेतलं. प्रोसिंग सलाइनची बाटली उंच धरून पाण्यात उभी होती, गुडघाभर. बोटीच्या कडेवर तिने हात ठेवला आणि थांबली.

कोळी म्हणाला, "चढ की, माना. ओहोटी लागेल."

ती नानाय बेदायकडे बघत होती. म्हातारीने वर पाहिलं नाही.

"बस," म्हातारी म्हणाली. "पण डोक्याकडे येऊ नकोस. पायांकडे बस."

प्रोसिंग पायांकडे बसली. तसंही तिला तिथेच बसायचं होतं. त्या औषधानंतर दर थोड्या वेळाने गुडघ्यावर टिचकी मारून पाय उडतो की नाही ते बघावं लागतं, नाही उडला तर औषध जास्त झालं. बोट सुटली. मी किनाऱ्यावरून पाहत होतो. एक हात वर, बाटली धरलेला. दुसरा जेस्साच्या गुडघ्यावर. टिचकी मारायची, वाकून बघायची, पुन्हा मारायची. उशाशी बसलेली म्हातारी प्रत्येक वेळी तो पाय उडतो का, ते बघत होती.